फाईल कोणाची?

[पारोळ्याचं एसटी स्टँड, सकाळ. बाकावर एक प्लास्टिकची पिशवी. कोणाचाही चेहरा नाही.]

या पिशवीत पाच वर्षांचे कागद आहेत, मूल होत नाही म्हणून केलेल्या तपासण्यांचे. सोनोग्राफी सहा वेळा. गर्भनळ्या मोकळ्या आहेत का, ते बघायला औषध सोडून काढलेला एक्स-रे. मग भूल देऊन दुर्बिणीची तपासणी. थायरॉईड, साखर, प्रोलॅक्टिन. सगळं नॉर्मल. फाईलवर नाव बायकोचं. नवऱ्याचा एकही कागद आत नाही.

नवरा याच तालुक्यातला. कपाशी आणि मूग करतो. तो आमच्याशी दोन दिवस बोलला, पण कॅमेऱ्यासमोर येणार नाही म्हणाला. आम्हीही आग्रह धरला नाही. म्हणून तुम्हाला शेतं दिसतील, भिंती दिसतील, आणि बदललेला आवाज ऐकू येईल.

[कपाशीचं शेत. दूर झाडाला बांधलेला झोका.]

लग्नाला दोन वर्षं झाली आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या बहिणीनं विचारलं, "दोष कोनामा शे?" विचारलं भावाला, पण बघत होती वहिनीकडे.

आपल्या भाषेतच एक भोक आहे. 'वांझ' म्हटलं की बाईच डोळ्यांसमोर येते. पुरुषासाठी नामर्द, नपुंसक असे शब्द आहेत, पण त्या शिव्या झाल्या, आणि त्यांचा रोख भलतीकडेच आहे. त्यातून समज असा की संबंध नीट येतो ना, मग आपल्यात काही नाही. वैद्यकात हे दोन वेगळे प्रश्न आहेत. एखाद्याला ताठरता चांगली येते, वीर्य येतं, आणि त्यात एकही शुक्राणू नसतो. दुसऱ्याला ताठरता येत नाही, पण शुक्राणू भरपूर असतात. वीर्य घट्ट की पातळ, यावरून काहीही कळत नाही. ते सूक्ष्मदर्शकाखालीच बघावं लागतं.

वर्षभर प्रयत्न करूनही दिवस गेले नाहीत तर तपासणी करावी, बायकोचं वय पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच. आणि दोघांची करावी, कारण साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचं कारण एकटं किंवा जोडीनं असतंच. वीर्यतपासणीला सुई नाही, भूल नाही, खर्च काही शे रुपये. सगळ्यांत सोपी तपासणी सगळ्यांत शेवटी होते, हे आम्हाला अजून पटलेलं नाही.

[रेल्वेच्या खिडकीतून तापीचं खोरं.]

आमचा शेतकरी ती तपासणी करायला सुरतेला गेला. धुळं, जळगाव दोन्ही जवळ, पण तिथे ओळखीचं कोणी भेटलं तर? अमळनेरला जाऊन गाडी धरली. सुरतेच्या लॅबमध्ये डबी हातात देणाऱ्या माणसानं फॉर्मवरचं आडनाव वाचलं आणि अहिराणीतच विचारलं, "कोन गावना शेतस तुम्ही?" सुरतेत निम्मा खान्देश राहतो, हे आमचा शेतकरी विसरला होता.

डबीबद्दल दोन शब्द बोलायलाच हवेत, कारण इथेच घोटाळे होतात. आधी दोन ते सात दिवस संबंध किंवा हस्तमैथुन नको. तेल, थुंकी, साधा कंडोम वापरायचा नाही. नमुना एका तासात लॅबच्या हातात हवा, फ्रीजमध्ये तर मुळीच ठेवायचा नाही. गावाहून एसटीनं डबी घेऊन निघालात तर तास गाडीतच सरतो, म्हणून नमुना लॅबमध्येच द्यावा. अनेक ठिकाणी त्यासाठी जागा म्हणजे संडास, आणि बाहेर कोणीतरी दार वाजवतंय. पहिल्यांदा नमुना देता आला नाही तर घाबरू नका. पुष्कळांचं होतं.

रिपोर्टमधले आकडे असे वाचतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या आवृत्तीनुसार किमान मर्यादा मिलिलिटरला 1 कोटी 60 लाख शुक्राणू, हालचाल करणारे 42 टक्के, नीट आकाराचे फक्त 4 टक्के. हो, चारच. '96 टक्के खराब' असं वाचून रडणारे लोक डॉक्टरांना नेहमी भेटतात. मर्यादेखाली म्हणजे मूल होणारच नाही, असंही नाही. आणि एका रिपोर्टवर निकाल लावत नाहीत, काही आठवड्यांनी दुसरा करतात.

आमच्या शेतकऱ्याचा आकडा आला 40 लाख.

[दवाखान्याचा पडदा. डॉक्टरांचे हातमोजे घातलेले हात.]

असा रिपोर्ट घेऊन जायचं कुठे? मूत्ररोगतज्ज्ञाकडे, म्हणजे युरोलॉजिस्टकडे. त्यातही पुरुषांच्या प्रजननावर काम करणाऱ्याला अँड्रोलॉजिस्ट म्हणतात. हार्मोनचा प्रश्न असेल तर एंडोक्रायनोलॉजिस्ट. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, सुरुवात तिथूनही करता येते.

डॉक्टरांनी त्याला उभं केलं, खोकायला लावलं आणि हातानं तपासलं. डाव्या अंडकोषाच्या वर फुगलेल्या शिरांचं गुंतवळ. व्हेरिकोसील. शंभरातल्या साधारण पंधरा पुरुषांना हे असतं, आणि मूल न होण्याची तक्रार घेऊन येणाऱ्यांत त्याहून बरंच जास्त. बहुतेकदा डावीकडे, कारण डावीकडची शीर मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते आणि रक्त वर चढायला जड जातं. तुंबलेल्या रक्तानं अंडकोष तापतो. त्याला तर शरीरापेक्षा दोन ते चार अंश थंड राहायचं असतं, म्हणूनच तो बाहेर लोंबतो. प्रत्येक व्हेरिकोसीलला ऑपरेशन लागत नाही. हाताला लागणारं असेल आणि रिपोर्टही खराब असेल, तरच.

भुसावळचा मे महिना आठवून तुम्ही विचाराल, मग आपलं ऊन? ऊन सोसून पिढ्या वाढल्याच आहेत. भट्टीसमोर रोज आठ तास उभा राहणारा, लांब पल्ल्याचा ट्रकवाला, यांनी डॉक्टरांना आपलं काम सांगावं, एवढंच.

काहींच्या रिपोर्टवर 'निल' येतं, म्हणजे एकही शुक्राणू नाही. तिथे पहिला प्रश्न, माल तयारच होत नाही की वाट बंद आहे? रक्तातलं एफएसएच नावाचं हार्मोन आणि अंडकोषाचा आकार यांवरून बराच अंदाज येतो. वाट बंद व्हायला जुना संसर्ग कारण असतो, कधी क्षयही. मेंदूकडून हुकूमच येत नसेल तर इंजेक्शनांनी शुक्राणू सुरू होऊ शकतात. तयारच होत नसतील तरी सूक्ष्मदर्शकाखाली अंडकोषातून शोधून काही जणांत ते सापडतात. 1992 पासून एका शुक्राणूवरही स्त्रीबीज फळवता येतं, त्याला इक्सी म्हणतात. आणि जिमवाल्या मुलांसाठी: टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं दंड फुगवतात आणि शुक्राणू शून्यावर आणू शकतात.

[महामार्गाकडेची भिंत. निळ्या अक्षरांत 'गुप्तरोग', 'हमखास इलाज'.]

ही भिंत तुमच्याही गावात आहे. ठरल्या वारी लॉजवर बसणारा 'तज्ज्ञ' आहे. आमच्या शेतकऱ्यानं तिथे वर्षभर चूर्ण घेतलं, पावती नाही. अशा जाहिरातींना 1954 च्या कायद्यानं बंदी आहे, तरी भिंत दर दिवाळीला नव्यानं रंगते. या धंद्याचं भांडवल एकच, 'धातू जाते' ही भीती. वीर्याचा एक थेंब म्हणजे रक्ताचे चाळीस थेंब, असं आपण लहानपणी ऐकतो. झोपेत वीर्य जाणं हा आजार नाही. या भीतीनं खंगणाऱ्या तरुणांच्या अवस्थेला डॉ. एन. एन. विग यांनी 1960 मध्ये 'धात सिंड्रोम' हे नाव दिलं. त्यांना औषध लागतं ते समजावून सांगणाऱ्या माणसाचं.

ताठरतेची तक्रार मात्र हसण्यावारी नेऊ नका. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक, म्हणून आधी त्या चोंदतात. चाळिशीतला, विडी ओढणारा, साखर कधीही न तपासलेला माणूस ही तक्रार घेऊन आला, तर चांगला डॉक्टर आधी साखर, रक्तदाब आणि छाती बघतो. मेडिकलवरून गुपचूप आणलेली ताठरतेची, सिल्डेनाफिलची गोळी आणि छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची गोळी या दोन्ही एकत्र आल्या तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. 'जडीबुटी'च्या पुड्यांतही हेच सिल्डेनाफिल मिसळलेलं सापडलेलं आहे.

[सातपुडा. धडगावकडे वळणारा घाट.]

नंदुरबारच्या डोंगरातला प्रश्न निराळा. इथे आदिवासी समाजात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. त्या मुलांना कधी इच्छा नसताना ताठरता येते, दुखते आणि उतरत नाही. लाजेनं मुलगा रात्रभर गोधडीत कण्हत राहतो. चार तासांवर गेलं की ही इमर्जन्सी, उशीर झाला तर कायमचं नुकसान. घाट उतरायलाच वेळ जातो, म्हणून हे आश्रमशाळेतल्या सरांना माहीत हवं, मुलाच्या बापाला माहीत हवं.

[रावेरची केळीची बाग. फवारणीचा पंप.]

केळीच्या बागेत उभं राहून एक परदेशची हकिगत सांगतो. 1977 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका कीटकनाशक कारखान्यात कामगारांच्या लक्षात आलं की आपल्यापैकी कोणालाच मूल होत नाहीये. तपासण्या झाल्या. डीबीसीपी नावाचं सूत्रकृमींवरचं औषध शुक्राणू मारत होतं. हेच औषध मध्य अमेरिकेत केळीच्या मळ्यांतही वापरलं जायचं. केळी खाणाऱ्यानं घाबरू नये, फवारणाऱ्यानं हातमोजे घालावेत. पण आम्हाला यातलं दुसरंच भावलं. ते पुरुष जेवणाच्या सुट्टीत एकमेकांशी बोलले, म्हणून हे बाहेर आलं.

[मुगाचं शेत, शेंगा काळ्या पडलेल्या.]

आमच्या शेतकऱ्याचं ऑपरेशन धुळ्यात झालं, जूनमध्ये, पेरणीच्या तोंडावर. डॉक्टर म्हणाले, तीन महिन्यांनी या. नवा शुक्राणू तयार व्हायला साधारण 72 दिवस, वर बाहेर येईपर्यंत आणखी एक-दोन आठवडे. त्यानं स्वतःच हिशोब केला, "म्हणजे मूग निघेपर्यंत."

मूग निघाला. आकडा 40 लाखांवरून 1 कोटी 10 लाख झाला. अजून मर्यादेच्या खालीच. पुढची तपासणी दिवाळीनंतर. आईला त्यानं अजून सांगितलेलं नाही.

त्या दिवशी दोघं सोबत गेले होते. परतताना बसमध्ये त्यानं सवयीनं पिशवी बायकोच्या मांडीवर ठेवली. तिनं ती उचलून परत त्याच्याकडे दिली. "तुमचीच फाईल शे," म्हणाली, "तुम्हीच धरा."