युरिक ॲसिड नॉर्मल, तरी गाउट? सांध्याची सोनोग्राफी काय दाखवते

नमस्कार! पायाचा अंगठा रात्रीत सुजून लालबुंद झालाय. नुसतं पांघरूण लागलं तरी कळ मस्तकात जाते. सकाळी रक्त तपासलं, तर युरिक ॲसिड नॉर्मल. मग घरचे म्हणतात, गाउट नाही, कुठेतरी ठेच लागली असेल.

थांबा. गाउट म्हणजे युरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यात साचून येणारी सूज. ऐन दुखण्यात युरिक ॲसिड खाली आलेलं असू शकतं. त्या एका आकड्यावरून गाउटवर फुली मारू नका. अशा वेळी सांध्याची सोनोग्राफी कामाला येते.

हो, पोटाची करतात तीच. त्वचेवर फिरवायचा प्रोब तेवढा वेगळा, जास्त फ्रिक्वेन्सीचा. बाहेर पाटीही तीच, 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही'. मशीनने अंगठा बघा नाहीतर पोट, कायदा एकच!

(स्क्रीनवर: निरोगी गुडघा)

खालची पांढरी रेघ म्हणजे हाड. तिच्यावरचा काळा पट्टा म्हणजे कूर्चा, हाडाच्या टोकावरचं गुळगुळीत आवरण. तिच्यात पाणी भरपूर, म्हणून काळी दिसते.

(स्क्रीनवर: गाउटचा गुडघा)

आता पट्ट्याच्या वरच्या कडेला दुसरी पांढरी रेघ दिसतेय? बोअरच्या पाण्याने बादलीला आतून थर धरतो ना, तसे युरेटचे, म्हणजे युरिक ॲसिडच्या क्षाराचे, स्फटिक कूर्चेवर बसलेत. याला डबल कॉन्टूर म्हणतात. गाउट ओळखण्याच्या २०१५ च्या अमेरिकन-युरोपीय निकषांत या खुणेला ४ गुण आहेत. गाउट म्हणायला एकूण ८ लागतात.

पण फसगतही होते. ध्वनिलहरी अगदी काटकोनात पडल्या की निरोगी कूर्चेची कडही चमकते. म्हणून प्रोब थोडा तिरका करून बघायचा. चमक गेली तर ती नुसती कूर्चेची कड. स्फटिकांची रेघ तशी हटत नाही. हे करणाऱ्याच्या हातावर आहे, नुसत्या मशीनवर नाही.

आणि हा तिसरा गुडघा बघा. पांढरे ठिपके पट्ट्याच्या वर नाहीत, पट्ट्याच्या आत आहेत. हे कॅल्शियम पायरोफॉस्फेट, म्हणजे वेगळ्याच क्षाराचे स्फटिक. बहुतेक साठीनंतर, गुडघ्यात नाहीतर मनगटात. सूज गाउटसारखीच, पण युरिक ॲसिड कमी करणाऱ्या गोळ्यांचा इथे काडीचा उपयोग नाही. वर की आत, एवढ्यावर औषध बदलतं.

पहिल्याच झटक्यात सोनोग्राफी कोरी येऊ शकते. उलट, कधीच न दुखलेल्या सांध्यातही रेघ सापडते, आणि तेवढ्यावरून लगेच गोळ्या सुरू करत नाहीत. शंका उरली तर सुईने सांध्यातलं पाणी काढून पोलराइज्ड सूक्ष्मदर्शकाखाली त्यात स्फटिक आहेत का ते बघायचं. १९६१ पासून हीच सगळ्यात पक्की तपासणी आहे. सोनोग्राफीचा फायदा असा, की सुई नेमकी कुठे घालायची तेही तीच दाखवते.

मला मात्र ती सगळ्यात आवडते उपचार सुरू झाल्यावर. युरिक ॲसिड ६ mg/dL च्या खाली टिकवलं, की काही महिन्यांत ती रेघ विरत जाते. दुखणं थांबलं म्हणून गोळी सोडायला निघालेल्या पेशंटला मी स्क्रीन वळवून दाखवते: काका, दुखत नसलं तरी माल अजून आतच आहे.