विमा कंपनीच बुडाली, आता वकिलाची फी कोण देणार?

नमस्कार मंडळी! कारखान्यात मशीनमध्ये हात सापडला. मालकाच्या विमा कंपनीने भरपाईचा क्लेम नाकारला, म्हणून वकील केला. केस निम्म्यावर आली आणि कंपनीच बुडाली! अमेरिकेत हे घडलेलं आहे. ३ ऑक्टोबर २००१ ला रिलायन्स इन्शुरन्स लिक्विडेशनमध्ये गेली, म्हणजे कोर्टाच्या हुकमाने तिचा गाशा गुंडाळायला घेतला. आपली रिलायन्स नव्हे हं, ही पेनसिल्व्हेनियाची.

मग कामगाराचे पैसे बुडाले? सहसा नाही. अशा वेळी राज्याची गॅरंटी असोसिएशन क्लेम हातात घेते आणि त्याचा खर्च चालू विमा कंपन्यांकडून वसूल करते. इतर विम्यांत तिच्या देण्याला कमाल मर्यादा असते. कामगाराच्या भरपाईला बहुतेक ठिकाणी ती नसते.

गोची आहे ती फीची. असोसिएशन कंपनीच्या खुर्चीत बसते, पण कंपनीची सगळी देणी काही अंगावर घेत नाही. कायद्यातल्या ‘कव्हर्ड क्लेम’च्या, म्हणजे असोसिएशनने भरायच्या दाव्याच्या, व्याख्येत बसेल तेवढंच देते. राज्यं ज्या नमुना कायद्याचा आधार घेतात, त्यात साफ लिहिलंय की बुडण्याआधी कंपनीने नेमलेल्या वकिलाची थकलेली फी त्यात धरायची नाही. त्याने लिक्विडेटरकडे, म्हणजे बुडालेल्या कंपनीची देणी-घेणी मिटवणाऱ्याकडे, दावा लावायचा, आणि मग घोंगडं भिजत पडतं.

कामगाराच्या वकिलाचं काय? कॅलिफोर्नियात फी बहुधा कामगाराच्याच भरपाईतून जाते, साधारण १५ टक्के, तीही न्यायाधीशाने मंजूर केली तर. तिथे भांडण कमी. फ्लोरिडात मात्र क्लेम चुकीने नाकारला आणि कामगार जिंकला, तर फी मालक आणि विमा कंपनीच्या डोक्यावर बसू शकते. खरी जुंपते ती अशा व्यवस्थेत. असोसिएशन म्हणणार, ‘नकार तुमच्या जुन्या कंपनीचा, आम्ही का भरायचं?’ वकील म्हणणार, ‘क्लेम घेतलात, मग त्याच्यासोबत आलेली फीसुद्धा घ्या.’ उत्तर त्या राज्याच्या कायद्याच्या शब्दांवर ठरतं. माझं मत विचाराल तर, ताबा घेतल्यावर असोसिएशनने स्वतः नकार दिला असेल, तर तिने फीपासून पळू नये.

हे फक्त वकिलांचं दुखणं नाही. फ्लोरिडाचा २०१६ चा कॅस्टेलानोस निकाल बघा. कामगाराला मिळाले ८२२ डॉलर ७० सेंट. ठरलेल्या तक्त्याने वकिलाची फी झाली १६४ डॉलर ५४ सेंट. काम १०७.२ तासांचं, म्हणजे तासाला १ डॉलर ५३ सेंट! एवढ्यात न्यू जर्सीतल्या एडिसनला वडापावही येत नाही. राज्याच्या सुप्रीम कोर्टाने फीचा तो सक्तीचा तक्ता घटनाबाह्य ठरवला. फीच मिळणार नसेल तर छोट्या क्लेमला वकील मिळेल कुठून?

तुमची केस चालू असताना कंपनी बुडाल्याचं पत्र आलं, तर ते कपाटात टाकू नका. नमुना कायद्यात सुनावणी सहा महिने थांबवायची सोय आहे, त्यामुळे लगेच तारीख लागली नाही तर घाबरू नका. वकिलाला कामाच्या तासांचा हिशेब दोन भागांत ठेवायला सांगा, बुडण्याआधीचे वेगळे आणि नंतरचे वेगळे. आणि लिक्विडेटरकडे दावा दाखल करायची शेवटची तारीख त्या पत्रात शोधा. ती चुकली की तुमचा दावा रांगेत पार मागे जाऊ शकतो.