पट्टा आधी काढा

जुळे सोलापूर, पहाटेचे ४.१०. नऊ वर्षांचा लॅब्राडॉर उठता उठता आडवा होतो. चारही पाय ताठ, तोंडाला फेस, अंगाखाली लघवी. दीड मिनिटात फिट ओसरते. भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेखाली वेळ लिहिली जाते. या महिन्यातली ही तिसरी.

पाच-सहा वर्षांपुढच्या कुत्र्याला पहिल्यांदाच फिट आली, तर मेंदूतल्या गाठीची शंका घ्यायलाच हवी. स्टेरॉइडनं दोन दिवसांत कुत्रं चालायला लागतं, भाकरीवर तुटून पडतं, आणि घरचे म्हणतात, बरा झाला की! उतरलेली असते ती सूज. गाठ जागच्या जागीच.

एमआरआय आणि ऑपरेशनसाठी पुणे गाठायचं, सुमारे २५० किलोमीटर. सोलापूरच्या उन्हात नको, रात्री निघा. आणि गळ्यातला पट्टा काढून छातीचा हार्नेस घाला. कवटी म्हणजे बंद डबा. मानेच्या शिरा दाबल्या की रक्त खाली उतरत नाही, आतला दाब चढतो. म्हणून तपासणीचं रक्तसुद्धा पायातून घेतात.

टेबलावरही तीच काळजी. डोकं सुमारे ३० अंश वर, पण उशी गळ्याला टेकता कामा नये. मेंदूची सूज उतरवणारं औषध, मॅनिटॉल, किलोमागे अर्धा ते एक ग्रॅम, १५-२० मिनिटांत. ३० किलोच्या कुत्र्याला २० टक्क्यांचं ७५ ते १५० मिली. एसीच्या गारव्यात बाटलीच्या तळाशी साखरेसारखे खडे धरतात. ते कोमट करून विरघळवायचे, सलाइनच्या नळीला फिल्टर लावायचा.

कानशिलाचा स्नायू सोडवून ड्रिलनं हाडात चर पाडतात. सलाइनची धार थांबली तर हाड तापतं, खालचा मेंदू भाजतो. हाडाच्या कडेतून रक्त झिरपलं, तर तिथं बोन वॅक्स दाबतात. मग ड्यूरा, म्हणजे मेंदूवरचं चिवट आवरण, उघडायचं.

मांजरातला मेनिंजिओमा, म्हणजे मेंदूच्या आवरणातून वाढणारी गाठ, बहुधा अख्खा सुटून येतो. कुत्र्यात तो अनेकदा मेंदूत घुसलेला असतो, ओढला तर रक्तवाहिनी फाटते. त्यामुळे ध्वनिकंपनांनी गाठ फोडून शोषून घेणाऱ्या अल्ट्रासॉनिक अ‍ॅस्पिरेटरनं गाठ आतून पोखरत आणतात. काठावर पेशी उरतातच. त्यांच्यासाठी पुढं रेडिएशन.

शुद्धीवर आल्यावर पाण्याची घाई नको. गिळता येत नसेल तर पाणी फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. फिटच्या गोळ्या घड्याळ लावून चालूच. टाके १० ते १४ दिवसांनी सोलापुरातच निघतात. तोवर जखम खाजवू नये म्हणून प्लास्टिकचा कोन लावतात. त्याची पट्टी बांधताना आत दोन बोटं सहज गेली पाहिजेत.