पाणंदीतला चिखल आणि टायरची नक्षी

(काळ्या मातीची पाणंद. रात्रभर पाऊस झालेला. महिंद्राची लाल थार जागेवरच चाकं फिरवते आहे.)

गाडी फोर लोमध्ये आहे, म्हणजे चारही चाकांना ओढ आणि वेग कमी करून जोर वाढवलेला. इंजिन व्यवस्थित ओढतंय, चाकंही फिरताहेत. तरी गाडी हातभरसुद्धा पुढे सरकत नाही.

(पुढच्या चाकाचा अगदी जवळून शॉट)

टायरची नक्षी कुठे दिसते का बघा. खाचा चिखलाने लिंपून गेल्यात आणि चाक म्हणजे नुसता उंडा झालाय. रबर जमिनीला टेकतच नाही, चिखल चिखलावरून घसरतोय. हा ऑल टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्ची वाट दोन्हींसाठीचा टायर, पण झिजलेला. खोली मोजायची पट्टी खाचेत घातली की ५ मिलिमीटर दाखवते. कायद्याची किमान मर्यादा १.६ मिलिमीटर आहे, पण ती डांबराचा विचार करून ठरवलेली. चिखलाच्या कामाला टायर अर्धा झिजला की तो संपला असंच धरायचं.

(टायरचं दुकान. तीन टायर शेजारी शेजारी उभे.)

डावीकडचा डांबरासाठीचा हायवे टेरेन, मधला ऑल टेरेन, उजवीकडचा चिखलासाठीचा मड टेरेन. नव्या टायरची खोली पहिल्यात साधारण ८, दुसऱ्यात १० ते १२ आणि तिसऱ्यात १३ ते १६ मिलिमीटर. पण टायर निवडताना खोलीपेक्षा मोकळी जागा जास्त बघायची. मड टेरेनच्या ठोकळ्यांमधली फट इतकी रुंद असते की त्यात बोट सहज आडवं बसतं. चाकाने वेग घेतला की याच फटीतून चिखल बाहेर फेकला जातो आणि पुढच्या फेऱ्याला ठोकळ्याची कोरी कड जमिनीत रुतते. टायरने स्वतःला साफ केलं पाहिजे, मड टेरेनचं सगळं गणित या एका गोष्टीवर उभं आहे.

फटीच्या तळाशी या छोट्या उंच पट्ट्या दिसताहेत. त्या शोभेसाठी नाहीत. अडकलेला खडा त्या बाहेर ढकलतात, नाहीतर तोच खडा हळूहळू तळाचं रबर कोरत आत जातो. आता नजर खांद्याकडे न्या, जिथे नक्षी संपून टायरची बाजू सुरू होते. चांगल्या मड टेरेनमध्ये ठोकळे तिथून खाली बाजूवरही उतरलेले असतात. खोल चाकोरीत गाडी अडकते तेव्हा चाकोरीच्या भिंतीला हेच ठोकळे धरतात. दुकानात टायर बघताना हात आधी खांद्यावर फिरवा.

आणि काय नाही तेही बघा. मधल्या टायरच्या ठोकळ्यांवर चाकूने कापल्यासारख्या बारीक रेघा आहेत. ओल्या डांबरावर पाण्याचा थर फोडायचं काम त्या करतात. मड टेरेनवर त्या अगदी मोजक्या असतात.

(पुन्हा काळी माती. फावड्याने खणून दाखवलेला थर.)

आता खरा प्रश्न. टायर कोणत्या मातीसाठी घेताय? दुकानदार गाडीचं मॉडेल विचारतो, बजेट विचारतो. माती कोणी विचारत नाही, आणि चुकतं ते इथेच.

ही मराठवाड्यातली, सोलापूरकडची, पश्चिम विदर्भातली काळी माती. बेसाल्ट झिजून झालेली. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की भेगाळते. जूनच्या पहिल्या पावसात वरचा थर ओला असतो, खालची जमीन कोरडी आणि टणक. तेव्हा अरुंद टायर वरचा चिखल कापून खालच्या टणक जमिनीवर टेकतो आणि गाडी निघते. ऑगस्टपर्यंत पाणी खोलवर मुरलेलं असतं, मग कापत जाऊन टेकायला खाली काही उरत नाही. तेव्हा टायर पसरून वरच्यावर तरंगला पाहिजे. पाणंद तीच, गाडी तीच, आणि दोन महिन्यांत नियम उलटा. वर्षातून दोनदा टायर कोणी बदलत नाही. हाताशी असते ती हवा, तिच्याकडे येऊ.

या मातीत फिरणार असाल तर मधोमध सलग पट्टी असलेली नक्षी नको. सुटे ठोकळे हवेत, एकमेकांपासून लांब, आणि फटी थेट बाहेरच्या कडेपर्यंत उघडलेल्या. चिखलाला बाहेर पडायला वाट लागते. वाफसा आलेल्या रानात बहुतेक सगळे टायर चालतात. टायरची परीक्षा होते ती पावसानंतरच्या पहिल्या दिवशी.

(कोकण. चिरेखाणीकडे जाणारी तांबडी वाट, ट्रकने पाडलेल्या चाकोऱ्या.)

इथे मामला वेगळा. वर तांबड्या मातीची बोटभर निसरडी साय आणि खाली जांभा. तळ जवळ असल्यामुळे रुंद टायरचा फायदा नाही, तो सायीवरच घसरत राहतो. टायर थोडा अरुंद हवा आणि त्याच्या ठोकळ्यांना धारदार कड हवी. दुसरी अडचण चाकोरीची. ट्रकच्या चाकांनी वाट इतकी खोल जाते की मधला उंचवटा गाडीच्या मागच्या डिफरन्शियलला, म्हणजे अॅक्सलवरच्या गिअरच्या गोळ्याला लागतो. तिथे चार इंच उंच सस्पेन्शन बसवूनही काही साधत नाही, कारण अॅक्सल चाकाबरोबर खालीच राहतो. अॅक्सल वर उचलतो फक्त मोठा टायर, तोही व्यासातल्या वाढीच्या निम्म्यानेच.

(भातखाचर. लोखंडी केज व्हील लावलेला ट्रॅक्टर चिखलणी करतोय.)

मावळातलं, कोकणातलं हे दृश्य सगळ्यांच्या ओळखीचं आहे. केज व्हील नीट बघा. ट्रॅक्टरचं वजन पसरतं आणि पट्ट्यांमधून चिखल मोकळा पडतो. एवढी रुंदी आणि एवढी मोकळी जागा कोणत्याही मोटारीच्या टायरला देता येत नाही. चिखलणी केलेल्या खाचरातून जाईल असा मड टेरेन बाजारात नाही. आणि ते कोणाचं तरी पीक आहे. गाडी वाटेवरच ठेवायची.

(सह्याद्रीतला ओढा, गोल दगड, त्यावर शेवाळ.)

ओढ्यातल्या शेवाळलेल्या बेसाल्टवर मड टेरेनचे मोठे कडक ठोकळे फारसे धरत नाहीत. इथे बारीक रेघांचा, मऊ रबराचा ऑल टेरेन वरचढ ठरतो. तुमची भटकंती मुख्यतः ओढे आणि दगडांची असेल, तर मड टेरेन घेण्याआधी थांबा.

(दुकान. टायरच्या बाजूवरची अक्षरं, बोटाने दाखवत.)

माप वाचूया. २०२० मध्ये आलेली थार दोन मापांत मिळाली. लोखंडी रिमवर २४५/७५ आर १६ आणि अलॉयवर २५५/६५ आर १८. पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा त्या रुंदीच्या किती टक्के बाजूची उंची, शेवटचा रिम इंचात. हिशोब केला तर १६ इंची टायरची बाजू १८४ मिलिमीटर उंच येते आणि १८ इंचीची १६६. हे १८ मिलिमीटर जास्तीचं रबर म्हणजे हवा कमी करायला जास्त वाव, आणि दगड आणि रिम यांच्यात जास्त अंतर. शिवाय लोखंडी रिम वाकली तर ठोकून सरळ होते, अलॉय तडकते. चिखलादगडासाठी आमची पसंती निःसंशय १६ इंचाला. १८ इंचीवरून १६ वर येणार असाल तर ब्रेकचं कॅलिपर, म्हणजे डिस्क दाबणारा चिमटा, रिमला लागत नाही ना, हे एक चाक बसवून, हाताने फिरवून बघा आणि मगच पैसे द्या.

मोठं माप घ्यायचं तर किती? २४५/७५ चा व्यास ७७४ मिलिमीटर, २६५/७५ चा ८०४. वाढ ३० मिलिमीटर, म्हणजे डिफरन्शियलखाली १५. स्पीडोमीटर जवळपास ४ टक्के कमी दाखवू लागेल. इथवर ठीक. २८५/७५ वर गेलात तर व्यास ८३४ होतो. मग गिअर जड वाटतात, स्टिअरिंगवर भार येतो आणि टायर घासायला लागतो. मारुतीच्या जिम्नीचं मूळ माप १९५/८० आर १५. तिला २१५/७५ आर १५ पुरेसा आहे. हलकी गाडी आहे, तिच्यावर भारी टायर लादू नका.

मापापुढचा आकडा भाराचा. ११२ म्हणजे एका टायरला ११२० किलो. मूळ टायरपेक्षा हा आकडा खाली नको. पण फार वरचाही नको, आणि हे दुकानात कोणी सांगत नाही. १२३ चा, दहा प्लाय रेटिंगचा (प्लाय रेटिंग म्हणजे टायरच्या मजबुतीचा आकडा) टायर एकेकटा १५५० किलो पेलतो. चारांचे झाले ६२०० किलो. दोन टनांच्या आसपासच्या गाडीखाली तो दबतच नाही, हवा कमी केली तरी ताठ राहतो आणि जमिनीला नीट टेकत नाही. सहा प्लाय रेटिंगचा टायर बहुतेकांना पुरतो. बाजूला मात्र तीन थर आहेत का ते जरूर वाचा. नक्षीतलं पंक्चर निघतं, बाजू फाटली की टायर गेला.

शेवटी टायर कधी बनला ते सांगणारे हे चार आकडे. २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. सवलतीत मिळणारा मड टेरेन बरेचदा गोदामात पडून कडक झालेला असतो.

(मागचं चाक बांधावर चढवलेलं, गाडी तिरकी. स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं.)

नवीन माप बसतं का हे सपाट जागेवर कळत नाही. एक चाक बांधावर चढवून सस्पेन्शन दाबा, स्टिअरिंग दोन्हीकडे टोकाला न्या, पुढे आणि रिव्हर्समध्येही. मग आत टॉर्च मारा. फेंडरच्या प्लास्टिकवर, मडफ्लॅपवर चिखल पुसला जाऊन चकचकीत पट्टा उठला असेल तर टायर तिथे घासतोय. हाच पट्टा ब्रेकच्या पाइपजवळ दिसला तर ते माप सोडून द्या.

(व्हॉल्व्हमधून हवा सुटताना. प्रेशर गेजचा काटा.)

आता हवा. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेली हवा डांबरासाठी आहे. चिखलात उतरण्याआधी ती १८ ते २० पीएसआयवर आणा. टायरकडे बघा, पोट सुटतंय. जमिनीला टेकणारा भाग रुंदीत थोडाच वाढतो, लांबीत चांगला वाढतो. एकाच वेळी जास्त ठोकळे जमिनीत आणि वजन विभागलेलं. शिवाय नक्षी वाकते, उघडते, आणि चिखल सुटा होतो. नवा मड टेरेन पूर्ण हवेत आणि झिजलेला ऑल टेरेन १८ वर असेल, तर ओल्या पाणंदीत दुसरा पुढे निघू शकतो. पैसे खर्च करण्याआधी हे करून बघा.

१५ च्या खाली जाऊ नका. वळताना बीड, म्हणजे टायरची रिममध्ये बसणारी कड, रिमवरून सुटतो आणि ट्यूबलेसमधली हवा एका क्षणात जाते. कमी हवेत वेग ३० च्या आत. डांबरावर आलात की लगेच हवा भरा, नाहीतर बाजू तापून आतून तुटते आणि बाहेरून काही दिसत नाही. त्यासाठी कॉम्प्रेसर सोबत हवा, आणि तो सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालवू नका, तिथला फ्यूज जाऊ शकतो. चिमटे थेट बॅटरीला लावा, इंजिन चालू ठेवा, दोन टायर झाले की त्याला थंड होऊ द्या.

(तीच पाणंद, तीच थार. नवे टायर, १८ पीएसआय.)

लो रेंज, दुसरा गिअर. अॅक्सिलरेटर एकसारखा. वेग पडायला लागला की स्टिअरिंग थोडं डावीउजवीकडे हलवायचं, खांद्याचे ठोकळे नव्या मातीला धरतात. मागे उडणारा चिखल बघा, टायर साफ होतोय. चाकं नुसतीच फिरायला लागली तर पाय काढा. आणखी फिरवाल तर गाडी अॅक्सलपर्यंत खाली जाईल.

(घाटातला ओला रस्ता.)

किंमत आहेच. आवाज वाढतो, मायलेज घटतं, ओल्या डांबरावर गाडी उशिरा थांबते, त्यामुळे घाटात अंतर वाढवा. आरसीवरच्या मापापासून फार लांब गेलात तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि विमा, दोन्ही आड येतात. आणि पावसाळ्यात कोकणातल्या सड्यावर, कासच्या पठारावर वाट सोडून चाक घातलंत तर तिथली बोटभर माती आणि तिच्यातली फुलं उखडतात.

(धुलाई. रिमच्या आतल्या बाजूला पाण्याचा फवारा.)

परतल्यावर रिमची आतली बाजू धुवा. तिथे सुकलेला किलोभर चिखल ६०-७० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरवतो, आणि मंडळी बॅलन्सिंगचे पैसे देऊन मोकळी होतात. दर ५००० किलोमीटरला पाचही टायर फिरवा, मड टेरेनचे ठोकळे एका कडेने झिजतात. पाचही म्हणजे स्टेपनी धरून. स्टेपनी जुन्या मापाची राहिली तर ती लावून फोर व्हील चालवता येत नाही. चाकांचे घेर वेगळे पडले की ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या गिअरपेटीवर येतो. थारची स्टेपनी मागच्या दारावर लटकते, जड टायर आला की बिजागरी सैल होते, तिचे बोल्ट तपासत राहा. आणि नवे टायर चढवल्यावर ५० ते १०० किलोमीटरनंतर चाकांचे नट टॉर्क रेंचने पुन्हा आवळा.