दोन प्रतिमांची एक होताना: डिजिटल रेंजफाइंडर आणि व्यावसायिक छायाचित्रकार

पडद्यावर आत्ता जे दिसते आहे, ते रेंजफाइंडर कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरला डोळा लावल्यावर दिसणारे दृश्य आहे. माजघरात तांदूळ निवडत बसलेल्या आजी, त्यांच्यामागचे फडताळ आणि दाराबाहेरचे तुळशीवृंदावन हे सगळे सारखेच स्पष्ट दिसते. फोकस नेमका कुठे आहे, हे त्यावरून मुळीच कळत नाही. मात्र दृश्याच्या मधोमध एक लहानसा उजळ चौकोन आहे आणि त्या चौकोनात आजींच्या चष्म्याच्या एका काडीऐवजी दोन काड्या दिसतात. लेन्सवरची कडी बोटाने हळूहळू फिरवली की दुसरी काडी सरकत पहिलीकडे येते, आणि दोन्ही एकमेकींवर बरोबर बसल्या की फोकस जुळलेला असतो. ही जुळवाजुळव फोटोग्राफरने स्वतःच्या डोळ्याने आणि बोटाने करायची असते. कॅमेरा त्यात काहीही मदत करत नाही.

अशा कॅमेऱ्यावर विसंबून पैसे घेऊन काम करावे का, हा या माहितीपटाचा विषय आहे.

कॅमेऱ्याच्या दर्शनी बाजूला दोन खिडक्या असतात, एक मोठी आणि तिच्यापासून सुमारे सात सेंटीमीटरवर एक छोटी. आपले दोन डोळे एकच वस्तू किंचित वेगवेगळ्या कोनांतून पाहतात आणि त्या फरकावरून आपल्याला अंतराचा अंदाज येतो. या दोन खिडक्यांचे कामही त्याच तत्त्वावर चालते. लेन्स पुढेमागे सरकली की तिच्या मागची कडा कॅमेऱ्यातला एक छोटा रोलर ढकलते, रोलरला जोडलेली दांडी हलते आणि छोट्या खिडकीतून आलेली प्रतिमा मोठ्या खिडकीतल्या प्रतिमेवर सरकते. १९५४ साली आलेल्या लायका एम ३ मध्ये ही रचना होती आणि २०२२ साली आलेल्या ६० मेगापिक्सेलच्या एम ११ मध्येही तत्त्व तेच आहे. म्हणूनच सत्तर वर्षांपूर्वीची लेन्स आजच्या कॅमेऱ्यावर बसते आणि तिचा फोकसही जुळतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. फुजीफिल्मच्या एक्स १०० किंवा एक्स-प्रो १ यांसारख्या, व्ह्यूफाइंडर कोपऱ्यात असलेल्या कॅमेऱ्यांना बाजारात सर्रास रेंजफाइंडर म्हटले जाते. ते उत्तम कॅमेरे आहेत, पण त्यांच्यात रेंजफाइंडर नाही. त्यांचा ऑटोफोकस इतर कॅमेऱ्यांसारखाच इलेक्ट्रॉनिक आहे. खरा डिजिटल रेंजफाइंडर घ्यायचा म्हटले तर आज निवड जवळजवळ लायकाच्या एम मालिकेपुरतीच उरते.

चित्रफितीच्या, म्हणजे फिल्म रोलच्या, काळात हा व्यावसायिकांचाच कॅमेरा होता. ३० जानेवारी १९४८ रोजी फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ गांधीजींना भेटले, त्यानंतर थोड्याच वेळात गांधीजींची हत्या झाली, आणि त्या रात्रीचे बिर्ला हाउस व पुढची अंत्ययात्रा त्यांनी फ्लॅश न वापरता आपल्या लायकाने टिपली. १९५९ साली निकॉन एफ आला आणि लांब पल्ल्याच्या लेन्सची गरज असणारी सगळी कामे एसएलआरकडे, म्हणजे लेन्समधून येणारे दृश्यच आरशाने डोळ्यापर्यंत पोहोचवणाऱ्या कॅमेऱ्यांकडे, गेली. त्यानंतरही कित्येक वृत्तछायाचित्रकार एका खांद्यावर एसएलआर आणि दुसऱ्या खांद्यावर रेंजफाइंडर घेऊन हिंडत असत. ही जोडी पुढेही लक्षात ठेवावी, कारण माझ्या मते आजच्या प्रश्नाचे उत्तरही तिच्यापासून फार लांब नाही.

डिजिटल काळातली सुरुवात एप्सनने केली. २००४ सालच्या त्यांच्या आर-डी १ मध्ये ६ मेगापिक्सेलचा सेन्सर होता आणि प्रत्येक फोटोनंतर शटर हाताने ओढून सज्ज करावे लागे. २००६ मध्ये लायका एम ८ आला, आणि या प्रकारच्या कॅमेऱ्याची खरी अडचण तेव्हा जगापुढे आली. तिचे कारण समजून घेणे आवश्यक आहे.

एसएलआरमध्ये लेन्स आणि सेन्सर यांच्यामध्ये आरशाला जागा ठेवावी लागते. रेंजफाइंडरमध्ये आरसा नसल्यामुळे लेन्सचे मागचे टोक सेन्सरच्या अगदी जवळ जाते, विशेषतः वाइड लेन्सचे. त्यामुळे चौकटीच्या कोपऱ्यांवर प्रकाश फार तिरपा पडतो. चित्रफितीला त्याची फारशी फिकीर नव्हती, पण सेन्सरवर काचेचे आवरण असते आणि तिरपा किरण जाड काचेतून गेला की कोपऱ्यांतले चित्र बिघडते. म्हणून एम ८ मध्ये हे आवरण मुद्दाम अतिशय पातळ ठेवले गेले. पातळ आवरणाला अवरक्त प्रकाश पुरेसा अडवता आला नाही, आणि काळे कृत्रिम कापड फोटोत जांभळट दिसू लागले. नवरदेवाचा काळा सूट अल्बममध्ये वांगी रंगाचा दिसला, तर फोटोग्राफरने यजमानांना काय सांगावे? कंपनीने खरेदीदारांना लेन्सवर लावायचे दोन फिल्टर मोफत दिले, पण व्यावसायिकांचा विश्वास एकदा डळमळला की तो सहज परत मिळत नाही.

२००९ च्या एम ९ मध्ये चित्रफितीच्या पूर्ण आकाराचा, १८ मेगापिक्सेलचा सेन्सर आला. त्याच्या रंगांवर आजही जीव टाकणारे लोक आहेत. दुर्दैवाने अनेक एम ९ कॅमेऱ्यांच्या सेन्सरवरची काच काही वर्षांनी झिजू लागली आणि फोटोंत बारीक वलयांकित डाग उमटू लागले. सेन्सर बदलून देण्यात आले, परंतु पुढे बदलायला नवे सेन्सरच उरले नाहीत. त्यानंतरच्या एम २४०, २०१७ चा एम १० आणि एम ११ या पिढ्यांत असे काही घडले नाही. आज नवा कॅमेरा घेणाऱ्याने सेन्सरची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. जुना एम ९ स्वस्तात मिळतो म्हणून घेणाऱ्याने मात्र एफ १६ वर, म्हणजे लेन्सचे छिद्र अगदी लहान करून, कोऱ्या भिंतीचा फोटो काढून, तो पूर्ण मोठा करून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. लग्नात अंतरपाट दूर होतो तो क्षण घ्या. शेवटची मंगलाष्टका संपते, गुरुजींचे "सावधान" होते, वाजंत्री सुरू होते आणि चहूबाजूंनी अक्षता पडतात. या साऱ्या धांदलीत वधूवरांची पहिली नजरानजर जेमतेम एखादा सेकंद टिकते. मी ३५ मिलिमीटरची लेन्स आधीच दोन मीटरवर आणि अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचे छिद्र, एफ ८ वर ठेवून उभा असतो. लेन्सवरच्या मोजपट्टीप्रमाणे सुमारे दीड मीटरपासून तीन मीटरपर्यंतचे सारे त्यात स्पष्ट येते, म्हणजे फोकस करण्याचे कामच उरत नाही. व्ह्यूफाइंडरमध्ये फोटोत येणारा भाग दाखवणाऱ्या चौकटीच्या ओळी दिसतात आणि त्या ओळींच्या बाहेरचेही बरेच काही दिसते. त्यामुळे उजवीकडून अक्षता टाकायला पुढे येणाऱ्या काकूंचा हात चौकटीत शिरण्याआधीच मला दिसतो आणि मी अर्धे पाऊल डावीकडे सरकतो. वधूच्या पाठीशी उभ्या मामांचे भरून आलेले डोळेही त्याच काचेत, चौकटीच्या कडेला, दिसत असतात.

चौकटीबाहेरचे दिसणे हाच या कॅमेऱ्याचा खरा गुण आहे, असे माझे मत आहे. बाकी ज्या गुणांची कीर्ती ऐकू येते, त्यांतले बरेचसे आता इतिहासजमा झाले आहेत. शांतपणाचेच पाहा. तो लौकिक चित्रफितीच्या काळातल्या कापडी शटरने मिळवलेला आहे. डिजिटल एम मालिकेतले शटर धातूच्या पात्यांचे असून एम ८ चा आवाज तर शांत खोलीत चांगलाच जाणवे. फोटो काढताना दृश्य क्षणभरही काळे होत नाही, हा दुसरा गुण. पण २०१७ साली सोनीच्या ए ९ ने सेकंदाला २० फोटो, आवाज न करता आणि दृश्य काळे न होऊ देता काढून दाखवले. लहान आकाराची मक्तेदारीही आता राहिलेली नाही.

दोषांबद्दल मात्र हातचे राखून बोलणे योग्य होणार नाही, कारण व्यावसायिकाच्या कामात दोषांचीच किंमत मोजावी लागते.

मोजपट्टीचा जो हिशेब आत्ता सांगितला, तो चित्रफितीच्या काळातला आहे. ६० मेगापिक्सेलचा फोटो पडद्यावर पूर्ण मोठा केला की दीड मीटरवरचा चेहरा तितकासा रेखीव नसतो, म्हणून अ‍ॅपर्चर एफ ८ वर असताना मी मोजपट्टीवरच्या एफ ५.६ च्याच खुणा प्रमाण मानतो. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडले की अडचण आणखी वाढते. ५० मिलिमीटरची लेन्स एफ १.४ वर आणि माणूस ७० सेंटीमीटरवर असेल, तर स्पष्ट येणारा पट्टा जेमतेम दीड सेंटीमीटरचा असतो. समोरच्याने श्वास सोडला तरी डोळा त्या पट्ट्याबाहेर जातो. शिवाय काही लेन्समध्ये अ‍ॅपर्चर लहान करताच फोकसची जागा किंचित मागे सरकते, आणि ही गोष्ट यांत्रिक रेंजफाइंडरला कळण्याचा काही मार्गच नाही. मिररलेस कॅमेरा सेन्सरवर प्रत्यक्ष पडलेलीच प्रतिमा दाखवतो, त्यामुळे तेथे ही फसगत टाळता येते.

याहून गंभीर दोष म्हणजे, रेंजफाइंडरमधली रोलरला जोडलेली ती दांडी धक्क्याने जागची हलू शकते. एका बारशाच्या ऑर्डरला मी घाटातून जीपने गेलो होतो आणि कॅमेऱ्याची पिशवी मागच्या सीटवर आदळत होती, हे मला दिसत होते. कार्यक्रमात प्रत्येक फोटोला दोन्ही प्रतिमा नीट जुळत होत्या आणि मागच्या छोट्या पडद्यावर सगळे छान दिसत होते. रात्री घरी येऊन फोटो मोठे केले, तेव्हा पाळण्याच्या मागच्या दोरीचा पीळन्‌पीळ मोजता येत होता आणि बाळाचे डोळे मऊ, धुरकट होते. असे चाळीसच्या वर फोटो होते. दोष माझाच होता, कारण निघण्याआधी आणि पोहोचल्यावर तपासणी करण्याचा नियम मी त्या दिवशी पाळला नव्हता. त्या आईने अल्बम पाहून फक्त "याचे डोळे का बरं असे आलेत?" एवढेच विचारले, मला तो प्रश्न अजून विसरता आलेला नाही.

ती तपासणी सोपी आहे. लेन्स अनंतावर, म्हणजे सर्वांत दूरच्या खुणेवर, ठेवून दूरच्या मंदिराच्या कळसावर किंवा मोबाइलच्या मनोऱ्यावर कॅमेरा रोखायचा. दोन्ही प्रतिमा काटेकोर जुळल्या नाहीत, किंवा एक वर आणि एक खाली दिसली, तर तो कॅमेरा त्या दिवशी कामाला न्यायचा नाही.

लांबच्या कामासाठी हा कॅमेरा नाही, हे स्पष्टच सांगितले पाहिजे. रेंजफाइंडरने फोकस करण्याची मर्यादा १३५ मिलिमीटरपाशी संपते आणि त्या लेन्सची चौकट व्ह्यूफाइंडरमध्ये पोस्टाच्या तिकिटाएवढी दिसते. कबड्डीचे मैदान, प्रचारसभेचे व्यासपीठ, जंगलातले पक्षी हे सगळे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. वर बसवायचा इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर मिळतो, पण तो लावल्यावर आपल्या हातात एक महाग आणि संथ मिररलेस कॅमेरा उरतो. दागिने किंवा पदार्थ अगदी जवळून टिपण्यासाठीही तो गैरसोयीचा आहे, कारण रेंजफाइंडर ७० सेंटीमीटरच्या आत जुळत नाही आणि चौकटीच्या ओळी अंदाजाच्याच असतात.

मेमरी कार्डाची जागा एकच असते. कार्ड दगावले तर लग्न पुन्हा लागत नाही, आणि म्हणून एम ११ मध्ये ६४ जीबीची अंतर्गत मेमरी देऊन एकच फोटो दोन ठिकाणी साठवण्याची सोय केली गेली, ती मला त्या कॅमेऱ्यातली व्यावसायिकांसाठी सर्वांत मोलाची सुधारणा वाटते. आषाढात वारीबरोबर चालणाऱ्याने हेही जाणून असावे की एम लेन्सच्या जोडाला पाणी अडवणारे रबरी सील नसते. दिवेघाटात सर आली की मी हा कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पाठीवरच्या सॅकमध्ये टाकतो आणि दुसरा बाहेर काढतो. किंमत तर उघडच आहे. एम ११ आला तेव्हा अमेरिकेत तो लेन्सशिवाय ८,९९५ डॉलरना होता. तेवढ्या पैशांत दोन चांगले मिररलेस कॅमेरे आणि नित्याच्या कामाच्या लेन्स येतात, आणि नव्याने व्यवसायात उतरणाऱ्या तरुणाने कर्ज काढून रेंजफाइंडर घेऊ नये, असे मी त्याला कळकळीने सांगेन.

मग कोणाला तो योग्य ठरेल? ज्याला फोटोची हमी द्यावी लागते, म्हणजे वृत्तपत्राचा छायाचित्रकार, एकट्याने लग्नाचे फोटो काढणारा फोटोग्राफर किंवा खेळांचा छायाचित्रकार, त्याचा हा एकमेव कॅमेरा होऊ शकत नाही. मात्र एकाच कुटुंबाबरोबर, एकाच वस्तीत किंवा दिंडीत महिनोन्‌महिने वावरून काम करणाऱ्याला, आणि लग्नात मुख्य फोटोग्राफर दुसरा असताना जवळून टिपणाऱ्या साथीदाराला, तो जे देतो ते इतर कॅमेऱ्याकडून मला अजून मिळालेले नाही. अशी कामे माणसापासून एक ते चार मीटरवर होतात, आणि तेथे फोटोग्राफरला चौकटीबाहेरचे घर, माणसे आणि येणारी-जाणारी पोरे दिसत राहणे आवश्यक असते.

माझ्या पिशवीत आज दोन कॅमेरे असतात. मिररलेसवर ७० ते २०० ची झूम लेन्स असते आणि रेंजफाइंडरवर ३५ ची. ज्यांना हा कॅमेरा घ्यावासा वाटतो, त्यांनी तो आधी कोणा परिचिताकडून किंवा भाड्याने घ्यावा, नेहमीचा कॅमेरा सोबत ठेवूनच पाच-सहा ऑर्डरी कराव्यात, आणि यजमानांनी अल्बमसाठी निवडलेल्या फोटोंपैकी किती फोटो याने काढलेले आहेत, ते मोजावे. माझ्या गेल्या चार लग्नांत ते दर दहांत दोन-तीन होते, आणि अंतरपाटाचा फोटो चारही वेळा त्यांत होता.