बोटीचा गिअरबॉक्स उतरवताना

वेसाव्याची खाडी, जून महिना. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, त्यामुळे बोटी किनाऱ्याला लागल्यात, वर ताडपत्र्या चढल्यात, आणि जाळी दुरुस्त करण्यापासून इंजिन खोलण्यापर्यंत सगळं याच दोन महिन्यांत उरकायचं. या बोटीच्या नाखवाची तक्रार एकच, इंजिन रेज होतं पण बोट काही जोर धरत नाही.

म्हणजे गिअरबॉक्स. ट्रकसारखे पाच-सहा गिअर नसतात इथे, पुढे, न्यूट्रल आणि मागे, बस्स. इंजिन मिनिटाला 1800 फेरे मारतंय आणि रेशो तीनास एक असेल तर बोट ढकलणारा पाण्यातला पंखा फिरणार 600, आणि जाळं ओढायची ताकद या हळू फिरण्यातूनच येते. आतल्या क्लच प्लेटा झिजल्या की घसरतात, मग इंजिन बोंबलतंय आणि पंखा आपला निवांत.

मिस्त्री आधी ऑइल काढतो आणि बाटलीत धरून उजेडात बघतो. काळं आणि करपट वास असेल तर प्लेटा जळल्यात. चहासारखं दुधाळ असेल तर पाणी शिरलंय, बहुतेक वेळा पाण्याने ऑइल थंड ठेवणारा ऑइल कूलर आतून फुटलेला असतो, आणि तो तसाच ठेवून नवीन प्लेटा टाकल्या तर पैसे खाडीत. आज निघालंय काळं.

मग गिअरची केबल सुटते, कूलरचे पाइप सुटतात, त्यांच्या तोंडात चिंध्या. शाफ्टच्या कपलिंगवर, म्हणजे गिअरबॉक्स आणि पंख्याचा दांडा जोडणाऱ्या चकत्यांवर, दोन्ही बाजूंना पंचने खूण, म्हणजे परत बसवताना तोच जोड जुळतो. दोन मिनिटांचं काम आहे हो, तरी टाळणारे भरपूर. खाऱ्या हवेने धरलेले बोल्ट कालपासून स्प्रे मारून भिजत ठेवलेत, तरी एक हटून बसतोच. ते निघाले की शाफ्ट मागे सरकवायचा, पंखा सुकाणूला टेकणार नाही एवढाच, आणि बोट पाण्यात असेल तर एक डोळा ग्लँडवर, म्हणजे शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथल्या पाणी अडवणाऱ्या जोडावर, तिथून पाणी वाढतंय का ते बघायला.

आता खरी गोम. बऱ्याच बोटींत इंजिनला पायाशी धरणारे मागचे फाउंडेशन बोल्ट गिअरबॉक्सवरच असतात, तो काढला की इंजिनची शेपूट खाली बसते. म्हणून आधी मागच्या बाजूला लाकडी ठोकळे आणि जॅक, पण जॅक इंजिनच्या ऑइल चेंबरखाली नाही हं, तो पत्रा चेपतो.

वर आडव्या तुळईला चेन पुली, खाली अंगाला अंग घासत तिघं. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या बेल हाउसिंगचे बोल्ट निघाले.

"सरळ ओढ रे, सरळ! वर नको उचलू!"

ओरडायला कारण आहे, वजन स्प्लाइनवर, म्हणजे गिअरबॉक्सच्या दातेरी दांड्यावर, लटकलं की पुढची, इंजिनचे झटके झेलणारी डॅम्पर प्लेट वाकते. ती प्लेट आता समोर दिसतेय, दोन स्प्रिंगा सैल, बोटाने हलवल्या की खुळखुळतात. एवढं खोललंच आहे तर ही पण बदला, असं मिस्त्री म्हणतो, नाखवा खर्चाचा हिशोब करत मान हलवतो.

परत बसवताना कपलिंगच्या दोन चकत्यांमधली फट फीलर गेजच्या पातळ पट्ट्यांनी चारी बाजूंनी मोजायची, 100 मिलिमीटरच्या चकतीला फरक 0.1 मिलिमीटरच्या आत. आणि फायनल अलाइनमेंट, म्हणजे शाफ्ट गिअरबॉक्सशी एका रेषेत आणणं, बोट तरंगायला लागल्यावरच, कारण जमिनीवर टेकलेली बोट आणि पाण्यातली बोट, दोघींचा आकार थोडा वेगळा असतो.