दोन किलो चारशे ग्रॅम

[दृश्य: रात्रीचा लोहगाव रस्ता. टॅक्सीच्या काचेवर सरकणारे दिवे.]

रात्रीचे बारा वाजून दहा मिनिटं. कोथरूडहून लोहगावला निघालोय. मागच्या सीटवर आई बसलीय, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. डिकीत एक निळी बॅग आहे. तिचं वजन किती, हे अजून आम्हा दोघांनाही ठाऊक नाही.

नागपूरला बहीण बाळंत झालीय. आई निघालीय महिनाभरासाठी. विमान पहाटे २.४० चं. तिकीट मी काढलं आणि काढताना स्वतःवर खूश होतो. स्क्रीनवर आकडा होता ३,८९९ रुपये.

"एवढ्या रात्रीचं कशाला काढलंस रे?" आईनं येरवड्याच्या पुलावर विचारलं.

"स्वस्त होतं गं."

"स्वस्त," असं ती एकदा म्हणाली आणि बाहेर बघत बसली.

त्या एका शब्दासाठी ही फिल्म करायला घेतली. कमी भाड्याची विमानसेवा आपल्याला अजून परवडते का? परवडत असेल तर नेमकी कुणाला?

[दृश्य: टर्मिनलचं प्रवेशद्वार. आई आत जाते. कॅमेरा बाहेर राहतो.]

तिकीट नसलेल्याला आत सोडत नाहीत. त्यामुळे पुढचं सगळं मी फोनवर पाहिलं. पाच मिनिटांत आईचा व्हिडिओ कॉल आला. आधी छत दिसलं, मग तिचा कान, मग वजनकाटा. १७.४ किलो. फुकट सामानाची मर्यादा १५.

काउंटरवरची मुलगी आवाज न चढवता सांगत होती, "मॅडम, तीन किलोचे पैसे भरावे लागतील." वरचे चारशे ग्रॅमही पूर्ण किलो धरतात. किलोमागे साडेसहाशेच्या घरात, म्हणजे जवळपास दोन हजार. बॅगेत काय होतं? डिंकाचे लाडू, अळिवाचे लाडू, साजूक तुपाची बरणी, बाळाची झबली-टोपडी आणि आईच्या चार साड्या. लाडवांना लागलेला डिंक, खारीक, खोबरं, गूळ सगळा मिळून दीड हजाराचा. आईनं हा हिशोब जागच्या जागी केला.

मग तिनं ती बॅग तिथेच फरशीवर उघडली.

माझ्या आईला चारचौघांत पर्ससुद्धा उघडायला आवडत नाही. रात्री साडेबाराला विमानतळाच्या फरशीवर मांडी घालून तिनं लाडवांचे डबे बाहेर काढले. एक डबा पर्समध्ये, दुसरा कापडी पिशवीत. तूप बॅगेतच राहिलं, कारण ते हातातल्या सामानात नेऊ देत नाहीत. थंडी फारशी नसताना शाल अंगावर आली. पुन्हा काटा, १४.९. मागच्या रांगेतले एक आजोबा "जमलं, जमलं" म्हणाले, तेही फोनमध्ये ऐकू आलं.

आजूबाजूला आणखी दोन कुटुंबं तशीच बॅगा उघडून बसली होती.

[दृश्य: जुनी छायाचित्रं. छोटं पंख्याचं विमान, विमानाच्या शिडीवर रांग.]

जरा मागे जाऊ. ऑगस्ट २००३ मध्ये कॅप्टन जी. आर. गोपीनाथ यांची एअर डेक्कन उडाली. तोवर विमान म्हणजे साहेबांचं, नाहीतर कंपनीच्या पैशानं जाणाऱ्यांचं. गोपीनाथ यांनी एक रुपयाची तिकिटं काढली. मोजकीच असायची, पण लोकांनी कॅफेत बसून रात्र रात्र ती शोधली. मग २००५ मध्ये स्पाइसजेट आणि गोएअर आल्या, ऑगस्ट २००६ मध्ये इंडिगो आली. विमानात पाणी सोडलं तर काहीच फुकट नाही, याचं लोकांना वाईट वाटलं नाही. भाडं कमी होतं ना! उपमा घरून न्यायचा.

या धंद्याचं गणित दिसतं तितकं अवघड नाही. सगळी विमानं शक्यतो एकाच जातीची ठेवायची, म्हणजे वैमानिक, मेकॅनिक आणि सुटे भाग सगळीकडे चालतात. एका विमानात १८० ते १८६ खुर्च्या बसवायच्या. आणि विमान जमिनीवर उभं राहू द्यायचं नाही. उतरलं, माणसं उतरवली, कचरा काढला, नवी माणसं बसवली, अर्ध्या तासात पुन्हा वर. विमान भाडेपट्ट्यानं घेतलेलं असतं, ते उभं असलं तरी त्याचे डॉलर मोजावेच लागतात, कमाई मात्र हवेत असतानाच होते. आपली एसटी मुक्कामी गाडी परवडवून घेते, यांना मुक्काम परवडत नाही.

खुर्च्याही एका भावानं विकत नाहीत. एकाच विमानातल्या खुर्च्यांचे दहा-बारा भाव असतात, पायऱ्यांसारखे. खालच्या पायरीच्या खुर्च्या संपल्या की वरची पायरी उघडते. म्हणून शेजारी बसलेल्या माणसाला भाडं विचारू नये. उगाच पोटात दुखतं.

[दृश्य: पहाटेची धावपट्टी, लांबून. एक लढाऊ विमान.]

आता आईचा प्रश्न. एवढ्या रात्रीचं का?

लोहगावचं विमानतळ हवाई दलाचं आहे. सुखोईंचा तळ. नागरी विमानं तिथली पाहुणी. धावपट्टी एकच, लांबी अडीच किलोमीटरच्या थोडी वर, आणि दिवसा तिच्यावर पहिला हक्क हवाई दलाच्या सरावाचा. नागरी विमानांना वेळा मिळतात त्या उरलेल्या. नवं टर्मिनल जुलै २०२४ पासून सुरू झालं. ऐसपैस आहे, बसायला जागा आहे. पण टर्मिनल मोठं केल्यानं धावपट्टी दुसरी होत नाही. पुण्यासाठी पुरंदरला व्हायच्या नव्या विमानतळाबद्दल आपण इतकी वर्षं ऐकतोय की त्यावर वेगळी फिल्म काढावी लागेल.

म्हणून पुण्याची बरीच विमानं रात्री आणि भल्या पहाटे. रात्री अडीचला कुणी हौसेनं जात नाही, म्हणून ती तिकिटं खालच्या पायरीवर. आईला जे स्वस्त मिळालं, त्यात तिची एक रात्रीची झोप जमा होती. ती स्क्रीनवर दिसली नाही.

[दृश्य: वहीचं पान. पेनानं लिहिलेले आकडे.]

ही आईची वही. दुधापासून देवळातल्या दक्षिणेपर्यंत सगळं तिच्यात असतं. प्रवासाचं पान असं आहे.

तिकीट ३,८९९. वेबसाइटची सोय-फी ३५०. "सोय कुणाची?" असं तिनं समोर लिहून ठेवलंय. पुढची, कडेची खुर्ची ४००, कारण तिचे गुडघे. टॅक्सी ६२०. चहा आणि सँडविच ३४०. एकूण ५,६०९. लाडवांचे भरले असते तर साडेसात हजारांच्या वर. नागपुरात जावई घ्यायला आले, तिथला खर्च वाचला.

चहाबद्दल एक सांगतो. कोलकाता विमानतळावर डिसेंबर २०२४ मध्ये सरकारनं उडान यात्री कॅफे सुरू केला, १० रुपयांत चहा, २० रुपयांत समोसा. दहा रुपयांत चहा मिळणं ही विमानतळावर बातमी होते, यातच काय ते आलं.

पुणे ते नागपूरचं अजनी स्टेशन अशी वंदे भारत गाडी ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाली. ८८१ किलोमीटर, सुमारे १२ तास. दिवसाचा प्रवास, जेवण जागेवर, आणि लाडू कुणी काट्यावर ठेवत नाही. मी आईला तोही पर्याय दिला होता. ती म्हणाली, बारा तास बसून पाय सुजतात. विमानात दीड तास. घरापासून घरापर्यंत धरले तरी साडेपाच. म्हणजे तिच्यासाठी सौदा वाईट नव्हता. फक्त ३,८९९ चा नव्हता, ५,६०९ चा होता, आणि हा आकडा आधी कुणी सांगितला असता तर तिनं शांतपणे विचार करून हो म्हटलं असतं, फरशीवर बसायची वेळ आली नसती. माझी तक्रार आकड्याबद्दल नाही, तो हप्त्याहप्त्यानं सांगतात त्याबद्दल आहे.

हिंजवडीतला मुलगा घ्या. पाठीवर एक सॅक, मंगळवारी जायचं, गुरुवारी यायचं, महिनाभर आधी ठरलेलं. त्याच्यासाठी हे अजूनही देशातलं सर्वात भारी गिऱ्हाईक-सुख आहे. २०२१ पासून बॅग नसलेल्याला कमी भाडं द्यायची मुभाही कंपन्यांना आहे. आणि चौघांचं कुटुंब, दिवाळीत, शाळेची सुट्टी लागल्यावरच निघणार? त्यांनी ते भाडं बघूच नये. खाजगी ट्रॅव्हल्सवाले सणासुदीला दर वाढवतात तेव्हा आपण त्यांना शिव्या घालतो. त्यांच्यावर निदान एसटीच्या दीडपटीची मर्यादा आहे, कागदावर का होईना. विमानाला एरवी तीही नाही.

[दृश्य: डिसेंबर २०२५. टर्मिनलमध्ये जमिनीवर बसलेले प्रवासी, बॅगांचे ढीग.]

ती मर्यादा एकदा आली. डिसेंबर २०२५.

वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम १ नोव्हेंबरपासून पूर्ण लागू झाले होते. आठवड्याची सलग सुट्टी ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली. रात्रीच्या पाळीत एका वैमानिकानं सहादा विमान उतरवलेलं चालायचं, ते दोनवर आलं. इंडिगोकडे त्या मानानं वैमानिकांची तजवीज नव्हती. ५ डिसेंबरला एका दिवसात हजाराहून जास्त उड्डाणं रद्द झाली. उरलेल्या तिकिटांचे भाव असे चढले की ६ डिसेंबरला सरकारनं कमाल भाडं ठरवून दिलं. ५०० ते १,००० किलोमीटरला १२,०००, म्हणजे आपलं पुणे-नागपूर. १,००० ते १,५०० ला १५,०००, म्हणजे पुणे-दिल्ली. कर आणि विमानतळाचं शुल्क वेगळं. इंडिगोला रात्रीच्या नियमातून काही काळ सवलतही मिळाली.

यातलं मला खटकलं ते हे. नियम नेमका रात्रीच्या उतरण्याचा होता, आणि आपलं शहर रात्रीच्या विमानांवर चालतं. आईचं २.४० चं विमान नागपुरात पहाटे चारच्या सुमाराला कुणीतरी उतरवणार होतं. त्या माणसाची झोपही त्या ३,८९९ मध्ये धरलेली होती. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "मग त्याला झोपू दे की, मी सकाळी गेले असते."

एका कंपनीचं गणित चुकलं आणि देश अडकला, कारण आज देशांतर्गत दहापैकी नऊ प्रवासी दोनच समूहांच्या विमानांतून जातात, इंडिगो आणि एअर इंडिया. बाकीचे आले आणि गेले. एअर डेक्कन किंगफिशरमध्ये विरली, किंगफिशर २०१२ मध्ये बंद पडली. जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये. एके काळची गोएअर, नंतरची गो फर्स्ट, मे २०२३ मध्ये. ऑगस्ट २०२२ मध्ये आलेली अकासा अजून लहान आहे. इंधनाचा खर्च मोठा, तो जीएसटीत नाही, राज्याराज्यांचा व्हॅट वेगळा. महाराष्ट्रानं २०२३ च्या अर्थसंकल्पात पुणे, मुंबई आणि रायगडसाठी तो २५ वरून १८ टक्क्यांवर आणला. भाडेपट्ट्यानं घेतलेल्या विमानांचे पैसे डॉलरमध्ये द्यायचे, कमाई रुपयात. स्वस्त विकणं सोपं होतं, टिकणं नव्हतं.

आणि जी टिकली, तीही आता फक्त स्वस्ताईवर नाही. नोव्हेंबर २०२४ पासून इंडिगोनं दिल्ली-मुंबई मार्गावर रुंद खुर्च्यांचा बिझनेस क्लास आणला. "लो कॉस्ट" हे नाव आता कंपनीच्या खर्चाबद्दल आहे, तुमच्या नाही.

[दृश्य: मोबाइलवर रद्द झालेलं तिकीट, परताव्याची रक्कम.]

एक कामाचं सांगून ठेवतो, कारण काउंटरवर कुणी आपणहून सांगत नाही. तिकीट तुम्ही रद्द केलं, अगदी "नॉन-रिफंडेबल" असलं, तरी कर आणि विमानतळाचं शुल्क परत मिळायलाच हवं. कंपनी कापू शकते ते मूळ भाडं आणि इंधन अधिभार एवढ्यापुरतंच. विमानाला ठरावीक वेळेपेक्षा जास्त उशीर झाला तर खायला-प्यायला द्यावं लागतं. सहा तासांपेक्षा जास्त उशीर असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे. मागावं लागतं. मागणारे थोडे असतात, आणि हेही त्यांच्या गणितात असणारच.

[दृश्य: फोनची स्क्रीन. नागपुरातलं घर, पाळणा.]

आई पोचली. सुरक्षा तपासणीत जवानानं डबा उघडायला लावला, आत लाडू बघून झाकण लावून दिलं. सव्वापाचला ती बहिणीच्या घरी होती. आठवडाभर अंग आंबल्यासारखं होतं म्हणाली, पण हे मला बहिणीनं सांगितलं, तिनं नाही.

काल फोन आला.

"परतीचं बघून ठेव."

"रेल्वेचं बघू?"

"विमानाचंच बघ. पण दिवसाचं."

दिवसाचं ६,२०० दाखवत होतं. मी गप्प बसलो. मग बॅग लटकवून वजन करायचा छोटा काटा मागवला आणि नागपूरला पाठवून दिला.

"बरं झालं," आई म्हणाली. "संत्री आणायचीत दोन डझन. आणि बर्फी. तुझ्या शेजाऱ्यांनाही सांगितलंय मी."